उलट्या दाताचा

मस्कतहून मल्लेशम मामानं अननसाचा डबा पाठवला.
चित्रात पिवळ्याधमक चकत्या,
वर पत्र्याचं सपाट, मख्ख झाकण.
ना टोपण, ना कडी.
साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत
त्या रात्री अकरा माणसं
डब्याभोवती बसून होती,
कुणी शुद्धीवर येण्याची वाट बघावी तशी.

अम्मानं विळी पुढं केली.
शेजारचे कोनापुरे सुभेदार म्हणाले,
फौजेत असायची की बोटाएवढी पत्र्याची पट्टी,
खट्खट् करत डब्याची कड फिरून यायची.
"मग आणा की ती."
"पेन्शनीत निघताना जमा केली."

शेवटी नान्नानं मागाची छिन्नी घेतली.
चौथ्या घावाला पाक उडाला
तो थेट मार्कंडेयाच्या तसबिरीवर.
सहाव्याला अंगठा फाटला.
अननस गोड होतं. थोडं लोखंडी लागत होतं.

पुढं कधीतरी वाचनालयात वाचलं :
डबा आधी आला.
त्याला उघडायचं हत्यार यायला
जवळजवळ पन्नास वर्षं गेली.
तोवर डब्यावरच लिहिलेलं असे,
छिन्नी-हातोडीनं कडेकडेनं कापावे.
शिपाई संगिनी खुपसत.
आतल्या मटणापेक्षा बाहेरचं लोखंड जड
असेही डबे होते म्हणे.
टिकवायचं कसं, याला बक्षीस लावलेलं,
खायचं कसं
हे बहुतेक भुकेल्यावर सोडलेलं.
मग कुणी दात काढला, कुणी टाच,
आणखी बऱ्याच वर्षांनी कुणाला चाक सुचलं.
मी पुस्तक मिटलं, हसले,
आणि मला नान्नाचा अंगठा आठवला.

तो माग दुरुस्त करायचा. फिटर.
अंगठ्याची पट्टी सुटायच्या आतच
त्यानं आरीचं तुटकं पान घासायला घेतलं.
मुठीला मोडका धोटा,
तीस वर्षं इकडून तिकडं धावून
बाभळीच्या शेंगेसारखा गुळगुळीत झालेला.
कोनापुऱ्यांनी विडीच्या पुड्यावर
आठवेल तशी आकृती काढून दिली,
ती चुकीची होती.
"दात रुतला पाहिजे," नान्ना स्वतःशीच बोलत होता,
"पण टाच कडेवर टेकली पाहिजे.
टेकायला जागा नसली
तर नुसता जोर काय कामाचा?"

मग त्यानं मला विचारलं,
"तू कुठल्या हातानं धरशील?"

मी अम्माकडं बघितलं.
सुपात पानं कातरत होती.
मी उजव्यानं जेवावं म्हणून
माझं डावं मनगट विडीच्या दोऱ्यानं
तीच बांधून ठेवायची, जेवण होईस्तोवर.
तांबडी रेघ उठायची बारीक.
"सांग की," नान्ना म्हणाला.
त्यात माया वगैरे काही नव्हती.
फिटरला माप लागतं, एवढंच.
मी डावा हात पुढं केला.
त्यानं दात उलट्या बाजूला बसवला.

मस्कतहून पुन्हा डबा आला नाही.
मामाच आला, खोकत.
ओपनरनं आम्ही तेलाचे डबे फोडले,
रंगाचे, एकदा गुलाबजामचा,
माझ्या बारशी वेशीपलीकडं जायच्या आदल्या दिवशी.
माग किलोवर विकले गेले
तेव्हा भंगारवाल्यानं याच्याकडंही हात नेला होता.
नान्ना म्हणाला, "त्याला हात लावू नकोस बे."

आता डब्यांनाच कड्या येतात.
बोट घालायचं, ओढायचं.
तरी एखादा जुन्या वळणाचा निघतो,
मग घरातले खिळ्यावरून ओपनर काढतात,
उजव्या हातात धरतात,
दोनदा घसरतो, तिसऱ्यांदा निसटतो.
जावई म्हणतात, दात चुकीचा बसलाय याचा.
सून म्हणते, टाकून द्या की आता.

मी पदराला हात पुसत येते.
कुणाला काही सांगत नाही.